चमच्यावरची शीग

"आई, तुझ्या हाताला शीग आहे. ती काही जायची नाही," असं म्हणून माझ्या लेकीने हॉस्पिटलच्या खाटेवर तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिला बाळंत होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. खाटेशेजारच्या पाळण्यात माझी पहिलीवहिली नात मुठी आवळून झोपली होती, आणि मी पाळण्यापाशी पावडरच्या दुधाचा इवलासा चमचा धरून उभी होते. चमच्यावर पांढराशुभ्र डोंगर. मला तर तो फारच देखणा दिसत होता.

शीग म्हणजे काय, हे आता बिल्डिंगीत वाढलेल्यांना सांगावं लागेल. माप काठोकाठ भरलं की त्यावर आणखी जे टोकदार ढीग होऊन बसतं, ती शीग. माझं माहेर चामटोलीचं, भातशेतीचं. खळ्यावर भात मोजायचा तर पायली शिगेसकट भरायची, हा आमच्याकडचा रिवाज. सपाट माप घालणाऱ्याला माझी आई 'हात आखडलेला' म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नाही. कुणाला डाळ उसनी द्यायची तर वाटीला शीग. लेकराच्या ताटात भात वाढायचा तर डावाला शीग. माझ्या हाताला ते वळण असं बसलंय की मी चहात साखर घालते तीसुद्धा डोंगर करूनच. आमच्या ह्यांना साखरेचा त्रास सुरू झाला, त्याचं खापर डॉक्टरांनी आनुवंशिकतेवर फोडलं. मी गप्प बसले.

तर झालं होतं असं. बाळंतपणात लेकीचं एक जुनं दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले, औषध आजच सुरू करायला हवं, आणि ते चालू आहे तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही. औषध संपेपर्यंत तिला तिथेच राहावं लागणार होतं. बाळ मात्र ठणठणीत.

"घरी दूध नीट बनवणारं कोणी असेल तर बाळाला उद्या संध्याकाळी न्या," डॉक्टर म्हणाले. "नसेल तर आमच्या नर्सरीत राहू दे. पण घरच बरं."

जावयांना बायकोपाशी थांबायचं होतं. विहीणबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून चालत होत्या. उरले मी. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी आहे ना! दोन पोरं वाढवलीत."

सिस्टर म्हणाली, "छान. मग एकदा करून दाखवा ना, आजी."

ही सिस्टर उल्हासनगरातच वाढलेली, पंचविशीची पोर. तोंडात मराठी-हिंदीची खिचडी आणि नजर अशी की सुई टोचायच्या आधीच पेशंट गप्प. तिने पाणी बाटलीत ओतून दिलं, डबा पुढे केला, आणि मी चमचा असा भरला की पावडर कडेने ओघळली.

"सपाट, आजी. ये क्या पहाड बनाया?"

"अगं, बाळाचं माप कुणी सपाट घेतं का?"

"बाळाचंच सपाट घ्यायचं. दूध दाट झालं ना, तर पोट कडक होणार, बाळाला पाणी कमी पडणार. मग तिला घेऊन इकडेच धावत याल परत."

मी मान डोलावली, शीग झटकली, दुसरा चमचा भरला. सिस्टर बघतच राहिली. कारण चमचा डब्याच्या तोंडावरच्या पट्टीला घासून सपाट केल्यावर माझ्या डाव्या हाताने आपणहून डब्यातून एक चिमूट उचलली आणि वर ठेवली. देवाशपथ, मी ठरवून केलं नाही. हाताने केलं.

तेव्हा लेक म्हणाली ते शिगेचं वाक्य. आणि भिंतीकडे बघतच जावयांना म्हणाली, "बाळ नर्सरीतच राहू दे. डॉक्टरांना सांगून टाक."

मला कुणी कानाखाली वाजवली असती तर एवढं लागलं नसतं. पण खरं सांगते, रागाआधी मला तिची भीती दिसली. औषधापायी ती पोरीला छातीशी धरून पाजू शकत नव्हती. त्यात पोरीला घरी पाठवायचं, आणि तेही असल्या डोंगरवाल्या आजीच्या हाती. तिच्या जागी मी असते तर मीही नर्सरीच म्हटलं असतं.

मी सिस्टरला विचारलं, "उद्या दुपारी पुन्हा परीक्षा घेशील?"

"लूँगी ना. पण चिमूट टाकली तर फेल."

"मग एखादा रिकामा डबा दे, चमच्यासकट. सरावाला."

तिने कुठूनसा एक रिकामा डबा शोधून दिला. मी तो पिशवीत टाकला आणि लेकीला म्हटलं, "उद्या बाळ घरी येणार." ती भिंतीकडेच बघत होती. मीही पाठ फिरवून निघाले, नाहीतर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि सगळा रुबाब गेला असता.

हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर पहिला फोन लावला तो उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माझ्या जुन्या शेजारणीला. ही सिंधी. लग्न होऊन मी कॅम्प दोनच्या बराकीतल्या खोलीत आले तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत होती, आणि ती भिंत इतकी पातळ की तिच्या फोडणीने मला शिंका यायच्या. आम्ही दोघी एकाच वर्षी बाळंत झालो. मला दूध भरपूर आलं, तिला आलंच नाही. तिचं बाळ बाटलीवर वाढत होतं.

आता त्या वेळची मी कशी होते, ते ऐका. वेणीत गजरा, मांडीवर लेक, आणि डोक्यात एवढी हवा की बराकीचे पत्रे उडावेत. जणू दूध येणं ही माझ्या अंगची कला होती आणि मी ती कुठेतरी क्लास लावून शिकले होते. मी उंबऱ्यात बसून तिला ऐकवायची, "बाटलीचं बाळ बाटलीसारखंच राहतं. आतून पोकळ." आणि हे मी हिंदीत सांगायची, म्हणजे माझ्या त्या वेळच्या हिंदीत: "बाटली का बाळ अंदर से पोकळ रहता है." तिला 'पोकळ' कळायचं नाही, तेवढंच माझं नशीब. ती म्हणायची, "तेरा भी रोता है, मेरा भी रोता है. चाय पिएगी?"

ते पोकळ बाळ आता जीन्सचा कारखाना चालवतं, आणि माझ्या घरात शिरताना चौकटीपाशी वाकून येतं.

आणि माझी ती हिंदी! त्याच सुमाराला मी कॅम्पातल्या चणे-फुटाण्याच्या दुकानात कुरमुरे घ्यायला गेले होते. दुकानदाराने माप भरलं आणि वरून तळहात फिरवून साफ सपाट केलं. माझ्यातली चामटोली उसळली. मी म्हटलं, "ये क्या? शीग दो!"

"सिंग? खारी के सादी?"

"खारी-सादी नहीं! ऊपर की शीग!"

त्याने वरच्या फळीवरची बरणी काढली आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी बांधून माझ्या हातात ठेवली. मी भांडत राहिले, तो 'एकदम ताजा है बहन' म्हणत राहिला. शेवटी मी शेंगदाणे घेऊन घरी आले आणि ह्यांना सांगितलं की आज मुद्दाम बदल म्हणून आणले. ती गजरेवाली मला आत्ता भेटली ना, तर मी तिला समोर बसवून बाटल्या घासायला लावीन.

फोनवर शेजारणीला सगळं सांगितलं. पलीकडे ती अशी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आई ना आखिर डब्बे पे! अब बता, तेरी नातीन अंदर से क्या रहेगी? पोकळ?"

म्हणजे तिला तो शब्द तेव्हाही कळला होता. इतकी वर्षं पोटात ठेवला होता बाईने.

"तुला ठाऊक होतं त्याचा अर्थ?"

"पूरा बैरक को मालूम था. आ जा, बोतल दिलाती हूँ."

कॅम्प दोनच्या बाजारात ती माझा हात धरून चालत होती आणि मी बकऱ्यासारखी मागून. दुकानात मला एक बाटली फार आवडली. तिला दोन्ही बाजूंना कान, वर अस्वल आणि आत वळणावळणाची नळी. शेजारणीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"इसमें ब्रश कैसे डालेगी? नळी में दूध सड़ेगा. सीधी ले. मुँह चौड़ा, कोना एक भी नहीं."

मग तिने रुंद तोंडाच्या साध्यासुध्या बाटल्या, बाळाच्या वयाला चालतील अशी निपलं, बाटलीचा एक लांब ब्रश आणि निपलाचा छोटा ब्रश, असं सगळं निवडून दिलं. निघताना म्हणाली, "उबालते टाइम पास में खड़ी रहना. गप मत मारना." कारण तिने स्वतः एकदा निपलं उकळत ठेवली आणि माझ्याशी बोलायला दारात आली. पाणी आटलं, रबर जळलं, आणि तीन दिवस अख्ख्या बराकीला टायर पेटवल्यासारखा वास. त्या दिवशी तिला दारात धरून ठेवून बाटलीच्या बाळाबद्दल भाषण कोण देत होतं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आम्ही आता चिखलोलीला राहतो. नवी बिल्डिंग, लिफ्ट, आणि ओटा असा गुळगुळीत की पोळी लाटताना पोळपाटच पळतो. घरात शिरल्याशिरल्या मी ह्यांना सांगितलं, "टीव्ही बंद करा. काम आहे."

आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल बघायचा, आणि जरा इकडे-तिकडे असला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून तपासायला माल उरला नाही, म्हणून ते माझ्या पोळ्या तपासतात. आज मी त्यांना खराखुरा माल देणार होते.

सरावाचा डबा तांदळाच्या पिठाने भरला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. हे चष्मा लावून समोर बसले.

मी चमचा भरला, डब्याच्या तोंडाला असलेल्या पट्टीला घासला, कागदावर उपडा केला.

"रिजेक्ट," हे म्हणाले.

"का? सपाट होता की."

"दाबलास. पट्टीला घासताना अंगठ्याने दाबलंस. आत जास्त मावलं. भरायचा सैल, आणि दाबायचा नाही."

पुढचा भरला. सैल, सपाट, सगळं बरोबर. आणि कागदावर उपडा करायच्या आत डाव्या हाताने चिमूट टाकली.

"अगं!"

"मी नाही! हात!"

"हात कुणाचा आहे?"

मी डावा हात पाठीमागे धरला. तर डबा हलायला लागला आणि पीठ ह्यांच्या मांडीवर. मग हे म्हणाले, डाव्या हाताला काम दे, म्हणजे तो बाहेरची कामं करणार नाही. डाव्या हाताने डबा घट्ट धरायचा, चमचा बाटलीत पडेपर्यंत सोडायचा नाही. असं करून बघितलं. चमचा गेला बिनचिमटीचा. पुढचाही गेला. मधूनच मला लेकीचं ते भिंतीकडे फिरलेलं तोंड आठवायचं आणि हात सैल पडायचा, की लगेच, "रिजेक्ट!" माझ्या स्वयंपाकाच्या उभ्या हयातीत कुणी मला इतक्या वेळा 'रिजेक्ट' म्हटलं नव्हतं. एरवी मी लाटणं फेकून मारलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "पुन्हा बघा."

पिठाच्या इवल्या इवल्या ढिगांनी कागद भरला. बघता बघता ते सगळे एकासारखे एक दिसायला लागले. हे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आता माल जायला हरकत नाही."

मग पाण्याची तालीम. बाटल्या आणि निपलं साबणाने, ब्रशने घासायची, मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि झाकण ठेवून खळखळ उकळायची. मी गॅसपाशी उभी राहिले, फोन बेडरूममध्ये ठेवून. पिण्याचं पाणी वेगळं उकळायचं, थोडंसं निवू द्यायचं पण चांगलं कढत असतानाच वापरायचं. आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर माप चुकतं, असं सिस्टरने बजावलं होतं. मग झाकण लावून बाटली गोल फिरवायची, आणि वाहत्या नळाखाली धरून कोमट करायची.

इथे नवी अडचण आली. दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा, गरम लागता कामा नये. मी टाकला. मला काहीच लागलं नाही. म्हणून ह्यांच्या मनगटावर टाकला, तर हे ओरडले. आयुष्यभर तव्यावरच्या भाकऱ्या हाताने उलटून माझी कातडी कोडगी झालीय, हे मला त्या दिवशी कळलं. ह्यांचं मनगट मात्र मऊसूत.

"आजपासून थर्मामीटर तुम्ही," मी म्हटलं. "एवढी वर्षं जपून ठेवलंत, एका कामाला आलं."

"आणि मी घरी नसलो तर?"

"कुठे जाणार आहात तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये हजर झालो. पिशवीत उकळलेल्या बाटल्या, अंगावर स्वच्छ साडी, आणि केस असे बांधलेले की एक बट पुढे येणार नाही. ह्यांनी बाह्या आधीच वर केल्या होत्या. लेक उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण नजर माझ्या हातांवर. बाळ भुकेने तोंड इकडे-तिकडे फिरवत होतं. जावई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते.

मी हात धुतले, कोपरापर्यंत. पुसले. कढत पाणी बाटलीवरच्या दोन चमच्यांच्या खुणेपर्यंत ओतलं आणि डोळ्यांच्या पातळीला धरून बघितलं. सिस्टर शेजारी हाताची घडी घालून उभी. डाव्या हाताने डबा धरला. पहिला चमचा भरला, सैल, पट्टीला घासला, बाटलीत टाकला.

"लाभ," मी म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी सिस्टरला हाक मारली. ती मान वळवून काहीतरी बोलली. मी दुसरा चमचा टाकला.

"दोन." आणि झाकण लावलं.

सिस्टर वळली. "रुको. एक कुठे गेला?"

"काय?"

"तुम्ही पहिल्यांदा लाभ म्हणून काहीतरी टाकलं. आता म्हणता दोन. एक कधी टाकला? लाभ म्हणजे वो कल वाली चिमूट का?"

"अगं नाही! लाभ म्हणजेच एक!"

"आजी, एक म्हणजे एक असतो."

आता तिला काय सांगू? आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. एकटं एक माप म्हणजे तिथेच सरलं, असं वाटू नये म्हणून. मी कालपासून शिगेच्या मागे लागले होते, चिमटीच्या मागे लागले होते. पण हे तोंडातलं माप मला दिसलंच नव्हतं. घरी सराव करतानाही मी मोठ्याने मोजलं नव्हतं, कारण हे मोजत होते, आणि हे कारखान्यातले, 'एक नंबर माल'वाले.

"दोनच चमचे टाकलेत," मी म्हटलं. बाळ रडायला लागलं होतं. हे मध्ये पडायला पुढे आले, पण काल घरी काय काय 'रिजेक्ट' झालं ते सांगून बसतील या भीतीने मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

सिस्टर लेकीकडे वळली. "मॅडम, मी बघत नव्हते. मला माहीत नाही किती पडले."

खोलीत सगळे लेकीकडे बघायला लागले. मी सोडून. मी बाटलीकडे बघत होते.

"मी बघत होते," लेक म्हणाली. "दोनच पडले. दोन्ही सपाट. तिने डाव्या हाताने डबा सोडला नाही." मग सिस्टरकडे बघून म्हणाली, "आणि लाभ म्हणजे पहिला. आजोळी खळ्यावर मीपण असंच मोजायचे. एक म्हटलं की मामा ओरडायचा."

सिस्टरने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. तिला हसू आवरत नव्हतं, पण ती बधली नाही.

"ठीक आहे. तरी हे ओता. डाउट आला की ओतायचं, नवीन बनवायचं. घरी रात्री-अपरात्री डाउट येणारच आहे. तब क्या करोगे?"

"ओतू," मी म्हटलं.

"ओता मग."

दूध मोरीत ओतायचं! आमच्या घरात दूध उतू गेलं तरी हळहळ चालते, ओट्यावर सांडलेलं सुद्धा मांजरीला दिलं जातं. बाळ हंबरडा फोडतंय, भरली बाटली माझ्या हातात, आणि मी, मला पक्कं माहीत असताना की दूध बरोबर झालंय, ते बेसिनमध्ये ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उपडी धरली. मग दुसरी बाटली काढली, हात पुन्हा धुतले, पाणी ओतलं, डबा धरला.

"एक," मी म्हणाले. म्हणताना जीभ अडखळली.

"दोन."

बाटली फिरवली, नळाखाली धरली, मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मनगट पुढे केलं, लस टोचून घ्यायला आल्यासारखं. सिस्टरने विचारलं, "हे काय?"

"माझं मनगट तव्याचं आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे थर्मामीटर हे आहेत."

मी थेंब टाकला. "चालेल," हे गंभीरपणे म्हणाले. "पास."

जावयांनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं. डोकं जरा उंच धरून निपल ओठाला लावलं. तिने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं. जीभ बाहेर काढून तिने एक थेंब चाखला, कपाळाला आठ्या घातल्या, अगदी आमच्या ह्यांच्यासारख्या, आणि मग अशी ओढायला लागली की बाटलीत बुडबुडे उठले. बाटली तिरपी धर, निपलात हवा नको, मध्ये थांब, ढेकर काढ, असं सिस्टर सांगत होती आणि मी करत होते. लेक खाटेवरून वाकून बघत होती. पोरीच्या गळ्याजवळची घोट-घोट हालचाल बघता बघता तिने हात लांब केला आणि बाळाच्या पायाचा अंगठा धरला. दूध संपेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाळाला घरी पाठवलं. लेकीने बाळाला कपड्यात गुंडाळून माझ्याकडे देताना म्हटलं, "फोन करीन मी. प्रत्येक वेळी."

"कर ना."

"व्हिडिओ कॉल."

"कर गं बाई. साडी नेसून बसते."

आणि केले तिने. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. बाळ जागं व्हायच्या बेताला फोन वाजायचा. "पाणी उकळलं? कधी? चमचा दाखव. इकडे, उजेडात धर. उरलेलं ओतलंस? ओतताना दाखव." मी दाखवायची. फोन ह्यांच्या हातात, कॅमेरा बहुतेक वेळा छताकडे, मग तिचं "बाबा, खाली! खाली धरा!" आणि मी चमचा पट्टीला घासतेय. दर वेळी चमचे मोठ्याने मोजायचे, हा तिचा नियम. "एक. दोन." एकदा सवयीने "ला..." निघून गेलं आणि मी ते खोकल्यात घालवलं. तिकडून आवाज आला, "ऐकलं मी."

मला त्या फोनांचा मनापासून वैताग यायला लागला होता. मी ह्यांना म्हटलंही, "तुम्ही निवृत्त होऊन घरी बसलात तरी साहेब काही सुटला नाही." पण बाटल्या उकळताना मी गॅसपाशीच उभी असायचे, आणि बाटलीच्या तळाशी राहिलेला घोट प्रत्येक वेळी, जीव वर-खाली होत असला तरी, ओतून द्यायचे.

मग एका दुपारी बाळ उठलं, मी दूध बनवलं, ह्यांनी मनगट दिलं, बाळ प्यालं, ढेकर काढली, खांद्यावरच झोपलं, आणि फोन वाजलाच नाही. मी टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. ह्यांनी बाटली धुतली, ब्रश फिरवला, मी पुन्हा बघितलं. काही नाही.

"बरं झालं," हे म्हणाले. "शांतता."

"शांतता कसली! तिला काही झालं तर नाही ना?"

मीच फोन लावला. बऱ्याच रिंगनंतर जावयांनी उचलला. आवाज दबका.

"काय झालं?" मी विचारलं. "फोन का नाही केला तिने? औषधाने त्रास झाला का?"

"नाही हो, आई. मघाशी म्हणाली, आत्ता पिण्याची वेळ असेल बाळाची, आणि कूस वळून झोपली. अजून झोपलीय. उठवू?"

"खबरदार!" मी म्हटलं, आणि लगेच आवाज खाली आणला, कारण खांद्यावर बाळ हललं होतं.